बोली

पेटी विकायला काढली तेव्हा सुमेधने चौदा फोटो घेतले,
कूलर सरकवून, खिडकीच्या उजेडात.
वर्णन मी लिहिलं: जर्मन सूर, साडेतीन सप्तकं,
भाता दोनदा बदललेला,
एकोणतीस वर्षं अजनीच्या शाळेत पाचवीच्या पोरींना
सा देत आलेली.
आणि शेवटी एक ओळ:
तार सप्तकातला कोमल गंधार उन्हाळ्यात अडतो.
"ते काऊन लिहिता मावशी? कोणी विचारून राहिलं का?"
मी ओळ ठेवली.

सात दिवसांचा लिलाव, दोन हजारांपासून.
पहिल्या दिवशी बघणारे एकशे बारा, बोलणारं कोणी नाही,
सीताबर्डीवर कापडाला हात लावत माणूस पुढे जातो
तसे सगळे.

दुसऱ्या रात्री दोघं भिडले. शंभर वर, पुन्हा शंभर वर,
पहाटे दोनपर्यंत,
पेटीसाठी नाही, एकमेकांसाठी.
सकाळी दोघंही गार. भाव साडेचार हजार.

मग कॅप्टनसाहेब आले.
बदली झालेली, पेटी न बघताच पसंत,
लिलाव बंद करा म्हणाले, अठरा हजार देतो,
आणि काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन पाठवला:
स्कॅन करा मॅडम, पिन टाका, पैसे येऊन जातील.
मी चष्मा पुसला.
पैसे घरात येताना दार उघडावं लागतं,
तिजोरी कशाला?
विचारलं, घरी पेटी कोण वाजवतं?
म्हणाले, सगळेच.

चौथ्या दिवशीचा तर रडत होता.
चुकून पन्नास हजार पाठवले, जास्तीचे परत करा,
आई दवाखान्यात आहे.
जमा झाल्याचा मेसेजही होता, कुणाच्या तरी साध्या नंबरवरून.
मी खरंच उठले होते. मग बसले, पुन्हा ऐकलं.
रडणं सुरात होतं. जागच्या जागी श्वास,
जागच्या जागी हुंदका.
शिकवलेलं मला कळतं.
पासबुक भरून आणलं: एक रुपया नाही.

पाचव्या दिवशी भाव सातावरून एकदम अकरा.
मी मनात नवा पंखासुद्धा घेतला.
सुमेधचे कान लाल.
"आपल्याच दोस्तांचे दोन आयडी हायेत, मावशी,
थोडी हवा भरून राहिलो."
हवा! अरे, जन्मभर भाता ओढलेल्या बाईला
हवा भरणं शिकवतोस?
दोन्ही बोल्या काढायला लावल्या.
खोटं कशाला बोलू, हळहळत.
अकरा मला आवडले होते.

सहाव्या दिवशी मांढळहून कुणाचा तरी एकच प्रश्न:
अडते म्हणजे उशिरा येते, का येतच नाही?
लिहिलं: भाता जोरात दाबला तर येतो, फुरफुरत.
त्यावर उत्तर नाही. बोलीही नाही.

सातव्या दिवशी, अकरा सेकंद उरले असताना,
आठ हजार सहाशे पन्नास.

धनपाल लांजेवार रविवारी आले, पुठ्ठा आणि चादर घेऊन.
खडी गंमतीत पेटी धरतात.
झाकण उघडून थेट तोच गंधार दाबला.
अडला.
"हा," ते म्हणाले,
पत्ता बरोबर निघाल्यावर म्हणतात तसं.
मी नोटा एकेक उजेडात धरल्या,
त्यांनी सूर एकेक मोजले.
कुणालाच राग आला नाही.
विचारलं, इतके दिवस गप्प का?
"आधी बोललो असतो तं ते दोघं पुन्हा जागे झाले असते ना, बाई."
आणि गंधाराचं काय?
"एवढ्या वर गाते कोण आमच्यात!"

रात्री पुन्हा फोन. कॅप्टनसाहेब.
पेटी अजून आहे का, मॅडम?
मी काहीच बोलले नाही, ठेवून दिला.
भिंतीशी, पेटीच्या जागी,
फरशीवर न झिजलेला एक चौकोन होता.
झाडू त्याच्या कडेनं फिरवला.