पाटीबाहेरचं शेपूट

आमच्या समितीत पाच जण.
एक जनुकं वाचते, एक गाळ,
सुबोधकडे आकडे,
फरझाना मॅडमकडे ऐरोलीच्या पुलाखालचा प्राणवायू.
मी रावसाच्या कानातले खडे कापते.

तांदळाच्या कणीएवढा खडा,
भिंगाखाली लाकडासारखी वलयं.
एक वलय म्हणजे एक वर्ष, असं म्हणतात.
खाडीत ते इतकं सरळ नसतं;
पाऊस, उपासमार, कुणी रात्री सोडलेलं गरम पाणी,
सगळं एकावर एक उमटतं.
सहाव्या वलयापर्यंत मी हल्ली पोचतच नाही.

आराखड्याचा चौथा मसुदा
एका शब्दापाशी अडला होता: ‘पूर्वीइतका’.
पूर्वी म्हणजे कधी?
कारखान्यांच्या आधी? पुलाच्या आधी?
खाडीवर प्लॉट पाडायच्या आधी?
आमच्या नोंदी सुरू झाल्या
तेव्हाच मासे आवरते घेत होते.

मग दिवाळ्याला गेलो. भांगाचा दिवस,
होड्या चिखलात टेकलेल्या.
चांगुणाबाई जवळा निवडत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
‘आमचे वेळचा रावस पाटीन मावं नसं.
शेपूट भायेर. त्याचा पानी
माझे पाठीवर गलायचा, बाजार येईपरत.’

मी वहीत लिहिलं: मौखिक, अनिश्चित.
सुबोधने विचारलं, ‘ती पाटी आहे का अजून?’

होती. माळ्यावर, जुन्या जाळ्याखाली.
टेप लावला. काठापासून काठापर्यंत चौऱ्याहत्तर.
‘म्हणजे मासा याहून मोठा,’ सुबोध म्हणाला,
‘किमान.’ आणि त्याने खाली रेघ मारली.
चांगुणाबाई हसत सुटल्या,
‘पाटी मोजताव का मासा?’

आता परिशिष्ट तीनमध्ये
त्या पाटीचा फोटो आहे, बाजूला पट्टी ठेवून.

आम्ही फक्त सुचवतो.
कुठली मोरी उघडायची, भराव कुठे थांबवायचा,
विणीच्या महिन्यांत जाळ्याचं भोक केवढं,
हे ठरवणारं टेबल वेगळं.
तिथे आम्हाला खुर्ची नसते, वीस मिनिटं असतात.
कुणीतरी विचारलं, ‘हे शेपूट म्हणजे नक्की काय?’
सुबोधची दोन मिनिटं त्यातच गेली.

काल नवा खडा आला.
पाच वलयं, आणि कडेला
सहाव्याची पुसट सुरुवात. दोनदा मोजलं.
मग माझा आकडा न सांगता
फरझाना मॅडमपुढे काच सरकवली.
त्या बराच वेळ वाकून होत्या.
म्हणाल्या, ‘पाच. कड धरू नकोस.’

नियमाप्रमाणे आता
तिसऱ्या कुणीतरी मोजायला हवं.