रंग: तपकिरी

हँगरमध्ये ताडपत्रीवर आम्ही कपडे मांडतो,
बाह्या पसरून,
जसं कुणी उताणं झोपलं होतं
आणि कपडे न हलवता उठून गेलं.

मी आधी द्रिनीकाठच्या शाळेत भूमिती शिकवायचो.
आता कापड मोजतो.
गळ्यापासून शिवणीपर्यंत एकसष्ट सेंटिमीटर.
छिद्रं चार, पाठीकडून.
खिशात कंगवा, अक्रोडाचं अर्धं कवच, वाळू.

वाळूची पुडी वेगळी बांधली.
या माळावर वाळू नाही,
इथली माती काळी, चिकट, बुटाला धरून घरापर्यंत येणारी.
म्हणजे आधी नदीकाठी पुरलं,
मग कुण्या रात्री उकरलं, ट्रकात भरलं,
आणि इथे पुन्हा पुरलं.
खड्ड्याचा नकाशा होता त्यांच्याकडे, डिझेल होतं, चुना होता.
खिसे झटकायचं कुणाला सुचलं नाही.

हायरिये दरवर्षी येते.
नव्व्याण्णवच्या एप्रिलात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून
तिच्या गावचे पुरुष उतरवून घेतले.
ते अल्बानियन होते, एवढं पुरलं.
बायकांना म्हणाले, चालत राहा, मागे बघू नका.
ती मागे बघितलेल्यांपैकी एक.

पहिल्या वर्षी सगळी रांग फिरून
एकशे सातपाशी थांबली. म्हणाली, "नाही."
दुसऱ्या वर्षी, "नाही."
तिसऱ्या वर्षी बर्फानं बस अडली,
नऊ किलोमीटर चालत आली
नाही म्हणायला.

निघताना मात्र वाकायची
आणि त्या स्वेटरची बटणं लावायची,
खालून वर, लहान पोराची लावतात तशी,
शेवटचं उघडं ठेवून,
गळ्याला टोचू नये म्हणून.
मी तेव्हा दुसऱ्याच टेबलावर काहीतरी शोधत असायचो.

रक्ताचा एक थेंब दिला असता
तर महिन्याभरात उत्तर आलं असतं.
"सुई नको," म्हणायची.
सुईला ती भीत नव्हती, हे तिलाही ठाऊक, मलाही.

यंदा खुर्ची ओढून बसली.
"मास्तर, काय लिहिलंय ते वाचा."

स्वेटर, पुरुषाचा. लोकर, हातविणीचा. रंग: तपकिरी.

"चूक आहे."
चष्मा काढून पदर नसलेल्या रुमालानं पुसत राहिली.
"पांढरी लोकर होती, घरच्या मेंढीची.
अक्रोडाच्या हिरव्या सालींत तीन दिवस बुडवली.
बायरामपर्यंत माझी नखं काळी होती.
लिहा."

लिहिलं.

"दुसरं बटण?"
"वेगळं आहे. तशी नोंद केलीय."
"वेगळं नाही. त्याच्या बापाच्या कोटाचं आहे. लिहा.
आणि पुरुषाचा कसा म्हणता?
बाह्या बघा, दोन बोटं जास्त विणल्यात.
सतरा वर्षांचा होता. वाढणार होता."

समास संपला. मी कागद उलटला.
मागची बाजू कोरी असते, तिथे कुणी लिहीत नाही.
पुडीतली वाळू दाखवली तर ती म्हणाली,
"पोहायला येत नव्हतं त्याला,"
आणि मग बराच वेळ काहीच नाही.

"किती सापडलाय?" तिनं विचारलं.
आयुष्यभर फळ्यावर अपूर्णांक लिहिले मी.
उत्तर देता आलं नाही.
दुसरा खड्डा अजून शोधतोय, एवढंच म्हणालो.

पहिला रकाना अजून रिकामाच होता.
नाव.
पेन धरून बसलो.
बाहेर बसवाला हॉर्न वाजवायला लागला, एकदा, दोनदा.

"थांबेल तो," ती म्हणाली,
आणि काळ्या ब्लाउजची बाही
कोपराच्या वर गुंडाळत गेली,
दोन बोटं, अजून दोन बोटं.

"पेत्रित," ती म्हणाली. "सावकाश लिहा."