शेवटचा रकाना

आज रात्री बारापर्यंत यादी पाठवायची आहे.
उन्हाळ्याचे तीन महिने, पोरांना झेपतील अशी कामं,
कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा
अशा उघड्या कोडमधली.
रकाने पाच : कल्पना, कशासाठी,
किती तास, किती अवघड,
आणि शेवटी, शिकवणार कोण.
तो रिकामा राहिला की कल्पना आपोआप गळते.

विश्रामबागच्या कॉलेजात दुपारी बेचाळीस चिठ्ठ्या आल्या.
एकोणीस जणांना हजेरीचं ॲप करायचंय,
त्यातले बरेचसे मी वर्गात पहिल्यांदाच पाहिले.
अकरा जणांना भडंग घरपोच हवंय.
एकानं नुसतं लिहिलंय : काहीतरी एआय.
मी खाली पेन्सिलीनं विचारलं : काहीतरी म्हणजे?
पण चिठ्ठी फेकली नाही.
माझीही सुरुवात ‘काहीतरी कॉम्प्युटर’नंच झाली होती.

तौफिक सतारमेकर मिरजेहून आला.
जवारी लावताना त्याच्या चुलत्याला हल्ली
एका कानानं कमी येतं.
‘सर, तारेचा आवाज पडद्यावर दिसेल का?
नुसती रेघ दिसू दे.
गोड झाला की नाही ते चाचाच सांगतील.’
मी लिहिलं : तास साडेतीनशे. अवघडपणा : मध्यम.
तो हसला. ‘आमच्यात मध्यम म्हणजे सूर.’

शिवलीला हिरेमठची चिठ्ठी सगळ्यात लहान :
अर्धा र दुरुस्त करणे.
तिचे वडील मार्केट यार्डामागं फ्लेक्स छापतात.
मशीन ‘दऱ्या’चं ‘दर्या’ करतं,
पाचगणीच्या हॉटेलवाल्याला त्यांनी समुद्र विकलाय.
लग्नाच्या आचाऱ्यांचे आभार मानावेत
तर मांडवात आचार्य अवतरतात.
मग बाबा ती मिशीएवढी रेघ
ब्लेडनं कापून हातानं चिकटवतात.
‘उन्हात सुटते, सर.’

मी काही बोललो नाही.
पगाराच्या कागदावर गेली अकरा वर्षं
मी कुर्हाडे आहे.
एकदाही अर्ज केला नाही.
तास : नव्वद.
पुढचे दोन रकाने तसेच सोडून
गाडीला किक मारली.

हरिपुरात आदगोंडा अण्णा ओट्यावर बसले होते,
समोर बुजलेलं पेव, त्यावर तुळस.
खाली वीस हात हळद असायची, म्हणाले,
आणि भाव रुमालाखाली,
बोटं दाबून, शेजारच्याला कळू न देता.
‘तुमचं सगळं उघड्यावर म्हणे. मग खाता काय?’
याचं उत्तर माझ्या बायकोलाही मी अजून दिलेलं नाही.

‘पेव फोडलं की लगेच उतरायचं नाही,’
अण्णांनी विचारायच्या आत सांगितलं.
‘आधी कंदील सोडायचा.
विझला तर आत हवा नाही.
थांबायचं, एक दिवस, दोन दिवस.’
आणि नाही विझला तर?
‘तर पोरगं उतरायचं.’
त्यांनी तंबाखू चोळली, चुना बोटाला पुसला.
‘उतरणारी पोरं रग्गड मिळायची रे.
वर दोर धरायला माणूस मिळायचा नाही.
हात सोलतात.’

अकरा वाजून चाळीस.
घाटावर कुणी तरी घंटा वाजवून गेलं.
‘काहीतरी एआय’ला उद्या बोलावलंय, चहाला.
तौफिकसाठी पुण्याच्या एका बाईंना फोन केला,
त्या स्वतः गातात, ‘हो’ म्हणाल्या, झोपेत असाव्यात.
शिवलीलाच्या ओळीपुढं
अवघडपणा : कंदील जळतोय.
खोडलं. सोपं, असं लिहिलं. तेही खोडलं.

शिकवणार कोण?
मला फॉन्टमधलं फारसं कळत नाही.
तरी माझं नाव टाइप केलं,
आणि पडद्यावर तो अर्धा र
उडी मारून ‘ह’च्या डोक्यावर जाऊन बसला,
अकरा वर्षं बसतो तसा.
दुरुस्त केलं नाही.
तसंच पाठवलं, चुकीचा नमुना म्हणून.