गोडीचा तपास

फैजपूरच्या प्रयोगशाळेत
एक सूक्ष्मदर्शक, आम्ही अकरा जणी.
सुभान तडवी सांगत होते:
थेंब लहान घे. काच तिरकी टेकव,
सुईच्या आधारानं हळू सोड.
मी धपकन सोडली.

काळ्या कडेचं, गोल, चकचकीत—
"पेशी व माय!"
"बुडबुडा," तडवी म्हणाले,
मान वर न करता.

मग सावद्याच्या वखारीतलं कच्चं केळ,
नखाएवढा गर, आयोडीनचा ठिपका.
स्क्रू अर्धा फिरला
आणि जांभळी करडई सांडली,
पाय ठेवायला जागा नाही.

पिकलेल्याच्या काचेवर
चारदोनच दाणे.
मी काच हलवली, भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं.
बाकीचे गेले कुठे?

तडव्यांनी डब्यातून केळ काढलं.
"चाखून बघ.
आधी हात धू."