कोणतीही कळ

हियुमा बेटावर फेब्रुवारी. चारलाच अंधार.
विर्वेच्या ओट्यावर, राईच्या पावाशेजारी
लॅपटॉप, आणि त्याच्या पोटात
एक खोटा संगणक,
ज्याला पंखासुद्धा नाही.

सुरू केला की काळ्यावर पांढरं एकच वाक्य:
ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही.
सापडेल कशी?
आधी विचारतो कोऱ्या हार्ड डिस्कला,
ती गप्प, की याने हातपाय गाळले.

सीडी मात्र खरी.
तिच्यावर एंदेलचं अक्षर, मार्करचं, जरा पसरलेलं:
'इन्स्टॉल. फेकू नकोस.'
त्याच्या सत्तावीस हिवाळ्यांच्या बर्फाच्या नोंदी
फक्त त्या जुन्या घरातच उघडतात.
नवा लॅपटॉप त्यांना ओळखच देत नाही.

ताल्लिनहून भाच्याचा, काउरचा फोन:
"क्रम बदल, मावशी. सीडीला पहिल्या पाटावर बसव."

बसवलं. चकती घरघरली.
सीडीवरून सुरू करण्यासाठी कोणतीही कळ दाबा
आणि पुढे टिंबं, पाचच.
चष्मा सापडेतो संपली.
दुसऱ्यांदा दाबली,
पण ती बाहेरच्याला लागली, आतल्याला नाही.
कळ काढावी लागते, हे तिला कुणी शिकवायला नको.

एंदेल समुद्राला भोक पाडून काठी घालायचा.
बावीस सेंटिमीटर.
मगच पहिली गाडी पलीकडे.

तिसऱ्यांदा तिने आधी खिडकीच्या आत क्लिक केलं,
बोट स्पेसबारवर टेकवून बसली.

निळा पडदा.
फायली वाचत आहे.
पाव कापायचा राहिला.
खाली पाणी असतंच, तो म्हणायचा,
आपण फक्त जाडी विचारायची.