मोड

म्हापसा, शुक्रवार. वेर्णेकर शेटच्या काट्यावर
बारा रुपये ओतले. राजाला नाक नाही,
साल कुणाच्या तरी अंगठ्याने पुसून नेलेलं.
"मोड," शेट म्हणाले. "एकशे छत्तीस ग्रॅम.
आजचा भाव, वर काही नाही."

बारा तोळ्यांना चार ग्रॅम कमी.
कुठे सांडले असतील?
माशांच्या पाटीत, तारवटीच्या कनवटीला,
जत्रेत झुगाराच्या चटईवर,
नाहीतर कुणी नुसतेच मोजत बसलं असेल
रात्र रात्र.

पैसे देईतो नावं सुचत गेली.
भोक पाडलेला, तो कानटोचा.
कडी डाकलेला, तो रोझारीनचा;
ही रोझारीन कोण, मलाही ठाऊक नाही.
काळाठिक्कर, तो कोळश्या.
आणि दोन्हीकडून गुळगुळीत,
कसाही ठेवा, पाठच दाखवणारा,
तो पाठमोरा.

"मुशीत घालायच्या मालाला
नाव देऊ नये," शेट म्हणाले,
"मग हात मागे येतो."

तेरावा बद्द वाजला होता.
वजनात धरलाच नाही.
"खोटा. न्यायचा तर न्या."
उजेडात धरून पाहिला:
कुणी घेतलाच नाही कधी, म्हणून
त्याच्यावर राजाचं नाक शाबूत.