थॉर्नवेलचे वारस

रबाळ्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री अकरा ते सकाळी सात
मी मेलेल्या इंग्रजांची नावं टंकते.
नोंदीला सव्वातीन रुपये.
एक चूक निघाली की दोन नोंदी फुकट.

या आठवड्यात माझ्याकडे हॅमो द थॉर्नवेल आहे.
सरदार. मरून सातशेहून जास्त वर्षं झाली.
ऑस्ट्रेलियातल्या कुणा दातांच्या डॉक्टरला
तो आपला पूर्वज म्हणून हवा आहे,
पैसे आगाऊ भरलेत.

हॅमो मेला तेव्हा गावातले बारा जण बोलावले,
शपथ घालून विचारलं:
मयताची जमीन किती, कुणाकडून मिळालेली,
जवळचा वारस कोण, त्याचं वय काय.
बारा जण सांगतात
(म्हणजे कारकून लिहितो की ते सांगतात):
एक गढी, आवारातल्या गवताला मोल नाही.
एक पाणचक्की, मोडकी.
खाडीकाठी दोन मिठागरं.
खंड, दर वर्षी एक पौंड मिरी.

मिरी आमच्याच बाजूच्या समुद्रातून गेली असणार,
ते जाऊ दे.
मिठागरापाशी बोटं थांबली.

गोठिवलीचा आमचा आगर सिडकोने घेतला
तेव्हाही पंच बसले होते.
खारजमीन, उत्पन्न नाही, असं लिहिलं.
एक आंबा, फळ न धरणारा.
खाली जोमा हिरू मढवी, निशाणी डावा अंगठा.
शाई इतकी जास्त लागलीय
की अंगठ्याच्या रेघाच दिसत नाहीत.

हॅमोचा मुलगा त्याच्या आधी गेला, घोड्यावरून पडून.
उरल्या तीन मुली.
जोहाना, वय बावीस.
सिसिली, वय एकोणीस.
तिसरीच्या नावावर चर्मपत्राला उंदीर लागलाय.
वाचता येत नाही तिथे तीन टिंबं द्यायची, असा नियम आहे.
जमीन तिघींत सारखी वाटली.
मिठागराचा तिसरा हिस्सा
टिंबांना मिळाला.

ती वयात आल्याचा पुरावा सात वर्षांनी झाला.
एक साक्षीदार म्हणतो, ती जन्मली त्या दिवशी माझं घर जळलं.
दुसरा म्हणतो, बायकोला पुरून परतत होतो, तेव्हा घंटा ऐकली.
तिसऱ्याचा त्याच दिवशी चिखलात पाय मोडला,
तो अजून लंगडतो, हवं तर बघा.
असं ज्याचं त्याचं दुखणं गोळा करून
तिचा जन्मदाखला झाला.

माझ्या बापाचा शाळेत एक जून आहे.
खरी तारीख विचारली तर चुलत आजा म्हणाला,
"भरतीनं बांध फोरला ना, त्याच राती."

साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी
भावाने वंशावळ काढलीय, स्टॅम्पपेपरवर.
हिरू. हिरूचा जोमा. जोमाचे पदाजी, हसुराम.
जोमाच्या मुली चार:
दोघींपुढे मयत,
दोघींपुढे हक्क सोडला.
सोडला म्हणजे काय, ते मी थोरल्या आत्याला विचारलं होतं.
ती कोलीम निवडत होती.
"साडी दिली व्हती," म्हणाली,
आणि मग बराच वेळ कोलीमच निवडत राहिली.

सगळ्यांत खाली, पदाजीच्या फांदीवर
हर्षला, मुलगी, विवाहित.
पुढची जागा अजून कोरी आहे.

रात्री भावाचा निरोप आला:
उद्या अकराला बेलापूरला ये, आधार आण,
फक्त एक सही.
मग घरी जेवूनच जा,
वहिनीने जिताडा आणलाय.

पावणेसात.
टिंबं घालून मी नोंद संपवायला हवी.
मी चारशे टक्के मोठं करते.
सुरुवातीला ॲ आहे, निदान ॲसारखं काहीतरी.
ॲग्नेस? ॲलिस? ॲविस?
पुढे एक उभी रेघ, मग छिद्र,
छिद्राच्या कडेला पिसाच्या टोकाएवढी काळी शाई.

फोन टेबलावर थरथरत सरकतो, थांबतो,
पुन्हा थरथरतो.
मी दुसरी रेघ शोधते आहे.